वाचकांचे प्रश्न : आयसीयूतील तिसरी रात्र

प्रश्न : हृदयविकाराचा झटका आल्यामुळे माझ्या ७४ वर्षांच्या वडिलांची येथील एका रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली. तिसऱ्या रात्री आयसीयूत ते सलाइनची नळी ओढू लागले. ‘खंडव्याची गाडी चुकेल, माझ्या वहाणा द्या’ असा त्यांनी धोशा लावला आणि सिस्टर औषधातून विष देते, असेही ते म्हणाले. सकाळी ते नीट बोलले, संध्याकाळी पुन्हा तेच सुरू झाले. आता त्यांचे हात बांधले आहेत. त्यांना वेड लागले आहे का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नाही. जुनी माणसे ज्याला ‘वात झाला’ म्हणत, त्या अवस्थेला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. डिलिरियम काही तासांत उद्भवतो, दिवसा ओसरतो आणि बहुधा रात्री बळावतो. दुबळ्या हृदयाकडून मेंदूला पुरेसे रक्त न पोहोचणे, प्राणवायू किंवा सोडियम कमी होणे, जंतुसंसर्ग, वेदना, तुंबलेली लघवी, झोपेची काही औषधे आणि मॉनिटरच्या आवाजाने उडालेली झोप यांपैकी अनेकदा दोन-तीन कारणे एकत्र येतात, त्यामुळे उपचाराची सुरुवात ती शोधण्यापासून होते. वडील नियमित मद्य घेत असतील, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. ते एकाएकी बंद झाल्यानेही असे होते आणि त्यावरील उपचार वेगळे असतात.

नळ्या ओढणारा रुग्ण निदान लक्षात तरी येतो. डोळे मिटून पडलेला, विचारल्यास नुसता हुंकार देणारा रुग्ण ‘शांत झोपला आहे’ असे समजून दुर्लक्षित राहतो, आणि डिलिरियम त्यालाही झालेला असू शकतो. म्हणून परिचारिका दहा अक्षरे सावकाश उच्चारते आणि ठरलेले अक्षर आले की हात दाबायला सांगते. दोनहून अधिक चुका झाल्या, तर लक्ष टिकत नाही असे मानतात, आणि हेच डिलिरियमचे मुख्य लक्षण असते. आपल्या इंदुरात येथे एक अडचण येते. प्रश्न हिंदीत विचारला जातो, गोंधळलेले आजोबा मराठीतच उत्तर देतात आणि त्यांचे धड वाक्यही बरळणे ठरते. ते मराठी बोलतात, हे सिस्टरना आवर्जून सांगावे.

अशा वेळी दिल्या जाणाऱ्या हॅलोपेरिडॉलसारख्या मनोविकारावरील औषधाने डिलिरियम लवकर संपतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले नाही. शिवाय त्याने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ते ईसीजीवर लक्ष ठेवूनच देतात. हात बांधल्याने अस्वस्थता वाढू शकते, तेव्हा ते कधी सोडता येतील, हे रोज विचारावे.

त्यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र असल्यास तेही आत पोहोचवा. गाडीवरून वाद घालू नका, पण होकारही भरू नका. ‘बाबा, आपण इंदुरातच आहोत, आज मंगळवार आहे, मी इथे बसलो आहे’ इतके शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगा. बहुतेक रुग्ण काही दिवसांत सावरतात, मात्र काहींचे लक्ष व स्मरण अनेक महिने मंद राहते. तसे वाटल्यास पुढच्या तपासणीत सांगावे. घरी आल्यावर त्या रात्रीची थट्टा करू नका, कारण विषाची ती भीती त्यांच्यापुरती खरी होती आणि ती त्यांना आठवतही असेल.