'सायटोटॉक्सिक' विष: पेशीनाशक की पेशीघातक?

प्रश्न असा आला आहे: "जेलीफिशवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. तिचं विष 'सायटोटॉक्सिक' असतं. त्याला पेशीविषारी म्हणू, पेशीनाशक म्हणू की कोशिकाघाती? आणि जेलीफिश चावते की डंख मारते?"

'सायटोटॉक्सिक' म्हणजे पेशींना अपाय करणारं. त्याला मी 'पेशीघातक' लिहीन.

'पेशीविषारी' नको, कारण 'विषारी' हे मराठीत ज्याच्या अंगी विष आहे त्याचं विशेषण: विषारी साप, विषारी वायू. 'पेशीविषारी' वाचून विष पेशीत आहे की पेशीला बाधतं, ते कळत नाही. त्यातून जेलीफिशचं विष खरोखरच पेशीत असतं! शाळेच्या पुस्तकातली 'दंशपेशी' ती हीच. तिच्यात एक सूक्ष्म कुपी, कुपीत विष आणि गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी. स्पर्श झाला की नळी उलटी होऊन बाहेर सुटते. जेलीफिशच्या भाऊबंदांतल्या हायड्रामध्ये हा झटका मोजला गेला, तेव्हा त्याचा सुरुवातीचा स्फोटक टप्पा अवघ्या 700 नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी भरला.

आता 'नाशक'. कीटकनाशक, तणनाशक, जंतुनाशक, वेदनानाशक. काही लक्षात आलं? जे आपल्याला नको असतं, त्यालाच मराठी 'नाशक' जोडते. म्हणून कर्करोगावरच्या औषधाला पेशीनाशक म्हटलं तर शोभेल, पण जेलीफिशच्या विषाला म्हटलं की ते दुकानातून आणलेल्या औषधासारखं वाटतं.

'घातक'मध्ये अपाय आहे. शिवाय घात म्हणजे मृत्यूच असं नाही. आत्मघातात जीव जातो, विश्वासघातात आणि अपघातात जाईलच असं नाही. हे इथे फार उपयोगी पडतं, कारण विष थोडं असेल तर पेशी दुखावते, जास्त असेल तर मरते, आणि 'सायटोटॉक्सिक'मध्ये दोन्ही येतं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बॉक्स जेलीफिशचं, कायरोनेक्स फ्लेकेरीचं उदाहरण घ्या. तिच्या विषातली काही प्रथिनं पेशीच्या पटलावर, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणावर बसतात, एकमेकांना जोडून कडं करतात आणि पटलाला भोक पडतं. आतलं पोटॅशियम बाहेर गळतं, पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि फुटते. परीक्षानळीत तांबड्या रक्तपेशी घेऊन त्यात हे विष घातलं तर ते डोळ्यांना दिसतं. आधी द्रव गढूळ लाल असतो, पलीकडचं काही दिसत नाही. पेशी फुटल्या की तोच द्रव कोकम सरबतासारखा नितळ लाल होतो. गढूळपणा अख्ख्या पेशींचा होता, त्या उरलेल्या नसतात. अंगात हेच मोठ्या प्रमाणावर झालं, तर रक्तात वाढलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं. भोक पाडण्याचा हा गुण वेगळा सांगायचा असेल तेव्हा 'पटलभेदी' लिहा.

'कोशिका' चूक नाही, मराठी विश्वकोशातही तो शब्द भेटतो. पण आज शाळेत 'पेशी' रुळला आहे, आणि 'कोशिका' घाईत 'केशिका' वाचला जातो. केशिका म्हणजे बारीक रक्तवाहिनी. रक्ताबद्दलच्या लेखात हा धोका का पत्करायचा? एक मात्र सांभाळा: हिंदीतली 'मांसपेशी' म्हणजे आपला स्नायू, ती तशीच उचलू नका.

राहिलं क्रियापद. आपण विंचूसुद्धा 'चावला' म्हणतो, तेव्हा बोलताना जेलीफिश चावली म्हणायला हरकत नाही. लिहिताना मात्र मला 'दंश होतो' हे 'दंश करते'पेक्षा बरं वाटतं. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळ्या ब्लू बॉटल वाहून येतात (काटेकोरपणे त्या जेलीफिश नव्हेत, नातलग). मेलेलीला हात लागला तरी कुप्या सुटतात, आग होते, चाबकाचे असावेत तसे वळ उठतात. तिथे करणारं कुणी उरलेलंच नसतं.

तर तुमचं वाक्य मी असं करीन: "जेलीफिशचा दंश झाला की तिच्या दंशपेशींतलं पेशीघातक विष त्वचेत शिरतं."