आरएक्सचं स्लो लागत नसेल तर एअर स्क्रू फिरवायच्या आधी मॅग्नेटचं कव्हर उघडा

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडिलांची त्र्याण्णवची यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक, थंड असताना नीट चालते, दहा-पंधरा मिनिटं फिरवली की सिग्नलला रेस आपोआप चढून बसते, ॲक्सिलेटर सोडला तरी लवकर उतरत नाही, आणि स्लो (ॲक्सिलेटर सोडल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरत राहतं ते) कमी करून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी बंद पडते. तुम्ही विचारलंय कार्बोरेटरचा (कार्बचा) एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन मग किती राउंड बाहेर ठेवायचा, आणि उत्तरं आलीत सव्वा, दीड, अडीच. हुबेहूब हेच माझ्या गाडीला झालं होतं आणि राउंड मोजत बसण्यात माझे चार महिने आणि एक ब्लॉक-पिस्टन गेलंय, म्हणून जरा लांब लिहितोय.

प्लग, फिल्टर, कार्ब साफ करणं, केबलला थोडा ढिलेपणा हे सगळं तुम्ही केलेलं असणार असं धरून चालतो.

माझंही असंच सुरू झालं. आधी रेस चढायला लागली म्हणून मी स्लोचा स्क्रू (कार्बमधल्या स्लाइडला, म्हणजे ॲक्सिलेटरने वर-खाली होणाऱ्या दट्ट्याला, टेकतो तो) थोडा मागे घेतला. चार दिवस बरं वाटलं. परत चढली, परत मागे घेतला. मग प्लग काढून बघितला तर पांढरट, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय हे मला कळलं, तिथपर्यंत माझं बरोबर होतं. पण मित्राच्या फोर-स्ट्रोक गाडीवर मी शिकलेलो की स्क्रू बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, तेच इथे लावलं आणि दीडचा सव्वादोन केला. त्याच्या गाडीत तो स्क्रू इंजिनच्या बाजूला होता, तो पेट्रोल-मिश्रण सोडतो, बाहेर काढला की मिश्रण घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. आपल्या आरएक्सच्या व्हीएम जातीच्या कार्बला तो एअर फिल्टरच्या बाजूला आहे, तो फक्त हवा सोडतो, म्हणून बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं आणि आत घेतला की घट्ट. हे उलटसुलट प्रकरण नीट डोक्यात बसवा, स्क्रू स्लाइडच्या कुठल्या बाजूला आहे ते बघूनच हात लावा. मी पेट्रोल वाढवतोय असं समजून हवा वाढवत होतो.

एवढं करूनही इंजिन वाचलं असतं, कारण मूळ आजार स्क्रूचा नव्हताच. त्याच काळात चेनचं स्प्रॉकेट बघायचं म्हणून डावीकडचं कव्हर उघडलं होतं तेव्हा मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरचं वीज बनवणारं चाक) खालच्या कडेला काळपट, चिकट, ओलसर थर दिसला. बोट फिरवलं तर बोटाला पेट्रोल आणि टू-टी ऑइलचा (टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर जळतं ते) वास. तिथे कोरडं असायला पाहिजे, तिथे ऑइल यायला काही कारणच नाही. मी काय केलं, चिंधी घेतली, रॉकेलचा हात मारला, चकचकीत पुसलं आणि कव्हर लावून टाकलं. माझी सगळ्यात महागडी चूक ही. स्क्रू उलटा फिरवला ती नव्हे.

तो ओलावा म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील (क्रँक बाहेर येतो तिथली फट बंद ठेवणारी रबरी रिंग) गेल्याची खूण होती. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (पिस्टनच्या खालची, क्रँक फिरतो ती बंद जागा) हाच पंप असतो, पिस्टन वर गेला की खाली व्हॅक्यूम तयार होतो आणि कार्बमधून मिश्रण ओढलं जातं, पिस्टन खाली आला की तेच वर ढकललं जातं. सील कडक होऊन चिरलं की वर जाताना तिथून कोरी हवा आत येते आणि खाली येताना थोडं मिश्रण बाहेर फेकलं जातं, तेच तिथे जमतं. कार्ब बिचारं बरोबर मापून देतंय आणि मागून हवा मिसळतेय. इंजिन तापलं की गळती आणखी जाणवते, म्हणून रेस चढते. मग तुम्ही एअर स्क्रू दीडवर ठेवा नाहीतर पावणेदोनवर, ते सेटिंग टिकणारच नाही.

मधल्या काळात एका नावाजलेल्या गॅरेजला दाखवली होती. नाव घेत नाही. त्यांनी अर्धा तास स्क्रू फिरवला आणि कार्ब झिजलंय म्हणून नवीन बसवलं, तेही डुप्लिकेट निघालं. मी विचारलं की कव्हरच्या आत ओलं होतं, ते काय असेल, तर उत्तर आलं जुन्या गाडीला एवढं चालायचंच. कव्हर उघडून बघायला पाच मिनिटं लागतात हो! लोक वडिलांची गाडी जीव लावून सांभाळतात आणि तुम्ही बघायचे कष्टही घेत नाही, याचा मला अजून राग आहे.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पाचगणीहून वाईला उतरत होतो, पसरणी घाट, मागे बायको. उतार म्हणून ॲक्सिलेटर पूर्ण बंद, गाडी तिसऱ्यात, इंजिन ब्रेकवर. आता हे लक्षात घ्या, ॲक्सिलेटर बंद असताना इंजिनला जे काही मिळतं ते जवळपास सगळं स्लोच्या सर्किटमधूनच मिळतं, आणि आरएक्सचा ऑइल पंप ॲक्सिलेटरच्या केबललाच जोडलेला, म्हणजे चाकामुळे इंजिन जोरात फिरतंय आणि ऑइल मात्र कमीत कमी. त्यात माझा स्क्रू उलटा, त्यात सीलमधून हवा. एका वळणाच्या अलीकडे आवाज एकदम बदलला, कर्रर्र झालं, पिस्टन ब्लॉकमध्ये अडकला आणि मागचं चाक जाम. क्लचवर बोटं होती म्हणून वेळेत दाबला गेला, गाडी फुटभर सरकून सरळ झाली आणि कडेला थांबलो. बायको काही बोलली नाही, तिने फक्त माझा खांदा सोडला नाही. तेव्हापासून टू-स्ट्रोक घाटात उतरवताना मी मध्येमध्ये क्लच दाबून थोडा ॲक्सिलेटर देतो म्हणजे ऑइल जातं, तुम्हीही सवय लावा.

ब्लॉक बोर करून ओव्हरसाइज पिस्टन, दोन्ही सील, बेअरिंग, मजुरी धरून पावणेआठ हजार गेले. सीलची किंमत त्यात शंभराच्या आसपास होती.

म्हणून माझं मत (मी मेकॅनिक नाही, एकाच गाडीवर सोळा वर्षं हात काळे केलेत, तेवढंच) असं की रेस चढून बसत असेल तर मिक्स्चर सेट करणं हे सगळ्यात शेवटचं काम. गाडी तापवा, रेस चढली की चोक थोडा ओढून बघा. तापलेल्या इंजिनला चोक दिला की ते गुदमरायला पाहिजे. उलट रेस उतरून आवाज गोड झाला तर कुठून तरी हवा घेतंय असं समजा. कार्ब आणि ब्लॉकच्या मधलं रबर वाकवून बघा, वरून चांगलं दिसतं आणि खालून चिरलेलं असतं. काही जण तिथे स्प्रे मारून रेस बदलते का बघतात, बरोबर आहे पद्धत, पण गरम सायलेन्सरजवळ पेटणारा स्प्रे आहे हे विसरू नका, मी तरी मोकळ्या जागेत आणि थोडासाच मारतो. आणि मग मॅग्नेटचं कव्हर. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो, ते लगेच कळतं. मॅग्नेटच्या बाजूचं गुपचूप काम करतं.

हे सगळं ठीक निघालं तरच स्क्रू. हळूच आत घ्या, टेकला की थांबा. पेचकस मोठा घेऊन आवळलात तर टोक आणि कार्बमधली बैठक दोन्ही जातात आणि ते कार्ब पुन्हा कधी नीट लागत नाही. आत घेताना किती राउंड होते ते मोजून लिहून ठेवा. मग दीड राउंड बाहेर, गाडी तापवून, पाव-पाव राउंडने जिथे रेस सगळ्यात वर आणि एकसारखी लागते ती जागा शोधायची, मग स्लोच्या स्क्रूने रेस खाली आणायची, परत एकदा तेच. शेवटी मी केसभर आत घेतो, थोडी घट्ट राहिलेली बरी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणजे जुन्याच जेटवर (कार्बमधलं पेट्रोल मापून सोडणारं छिद्र) गाडी आधीच थोडी पातळ चालतेय. काही जण हे मानत नाहीत, मी माझ्या प्लगच्या रंगावरून सांगतोय. ॲक्सिलेटरची केबल हलवली असेल तर ऑइल पंपाची खूणही परत जुळवा, ते बरेच जण विसरतात.

आणि तोवर गाडी लांब नेऊ नका, घाटात तर नाहीच. रविवारी कव्हर उघडलंत की आतला फोटो टाका, चिंधी लावायच्या आधी.