गौरीच्या जेवणाचा स्वयंपाक तीन जावांनी तीन घरांतून कसा वाटून घ्यावा?

ताई, तुमच्याकडं गौरीपूजनाला २५ माणसं जेवायला आहेत. जावा तिघी, घरं तीन, आणि प्रत्येकीनं दोन-दोन पदार्थ करून आणायचं ठरतंय. कुणाला काय द्यावं, आणि बाहेरून आलेला स्वयंपाक गौरीपुढं ठेवायला सासूबाई तयार नाहीत त्याचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं ऐकाल तर पदार्थ वाटूच नका, कामं वाटा. पुरणाच्या स्वयंपाकात पदार्थ एकमेकांत अडकलेले असतात. डाळ एकदाच शिजते. तिचं पुरण होतं आणि ती येळून जे पाणी निघतं त्याच कटाची आमटी होते. पोळी एका घरात आणि आमटी दुसऱ्या घरात दिली की दोघींचीही पंचाईत होते.

आमची झाली होती. आमची गौर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, माझ्या घरी असते. मधली जाऊ राजारामपुरीत राहते, धाकटी उचगावला. पहिल्या वर्षी पोळ्या माझ्याकडं, आमटी-भात मधलीकडं, भजी आणि कोशिंबीर धाकटीकडं अशी वाटणी केली. माझ्याकडं पातेलंभर कट पडून राहिला आणि तिकडं मधलीनं नुसत्या कटासाठी वेगळी अर्धा किलो डाळ शिजवली. मांडवांमुळं रस्ते अडलेले, रिक्षा वळसे घेत आली, तोवर आरती होऊन गेली होती. उचगावहून आलेली भजी डब्यात घाम धरून मऊ पडली होती. कोशिंबिरीला घरीच मीठ लावलेलं, तिला पाणी सुटलं होतं. माझ्या पोळ्याही गरम-गरम एकावर एक रचल्यामुळं चिकटल्या. तिघीही पहाटे चारला उठलो होतो आणि तीन वाजता जेवायला बसलो तेव्हा कुणाला घास जात नव्हता.

दुसऱ्या वर्षापासून पुरण आणि आमटी एकाच घरात, म्हणजे गौरीच्या घरात. आवाहनाच्या दिवशी नैवेद्य भाजी-भाकरीचा असतो, चुलीवर ताण कमी असतो आणि जावा गौर आणायला येतातच. त्या संध्याकाळी डाळ शिजवून पुरण करून ठेवतो. आमच्या हिशोबानं १ किलो हरभरा डाळ आणि तेवढाच गूळ घेतला की मध्यम आकाराच्या ३५ च्या आसपास पोळ्या होतात. २५ माणसांत लहान मुलं असतील तर दीड किलो पुरते. गार झालं की पुरण आणि कट दोन्ही फ्रिजमध्ये ठेवा. भाद्रपदातल्या दमट हवेत कट ओट्यावर राहिला तर सकाळपर्यंत आंबतो.

डाळ, गूळ, तूप एकीनंच आणायचं आणि खर्च तिघींत वाटायचा. गुळाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. आपल्या कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी त्याच नावानं बाहेरचा गूळही विकला जातो. ओळखीच्या दुकानातून सगळा एकदम घ्या. दोन घरचा गूळ एकत्र आला की एक पुरण घट्ट, दुसरं सैल, आणि सैल पुरणाची पोळी लाटताना फुटते.

कणीक मात्र मधली जाऊ सकाळी तिच्याच घरी तिंबते आणि तेलाचा हात लावून डब्यात घालून आणते. कणकेला दोन तास मुरायला हवेतच, ते वाटेत आणि गौरीला हळदी-कुंकू वाहण्यात जातात. येताना ती तिचा तवा आणि एक शेगडीही आणते. मग एक उंडे भरते, एक लाटते, एक दोन तव्यांवर भाजते. ५० पोळ्या दीड तासात उरकतात, गप्पांत कळतही नाही. पोळ्या आधी सुती फडक्यावर सुट्या पसरायच्या, निवल्या की डब्यात.

धाकटीकडं प्रवास सोसणाऱ्या वस्तू. अळूवडीचे उंडे उकडून, न कापता. बटाट्याची सुकी भाजी. कच्च्या कुरडया-पापड्या. भज्यांचं पीठ कोरडं, कालवायचं इथं. काकडी आणि दही वेगळं, मीठ पानं मांडल्यावर. गुळवणी करणार असाल तर गुळाचं पाणी पूर्ण गार झाल्यावरच दूध घाला, नाहीतर फाटेल.

पुरुषांचं काम आधी ठरवा, आयत्या वेळी कुणी उठत नाही. पुरण गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावं लागतं आणि दीड किलो डाळीचं पुरण फिरवताना हात भरून येतात. ते आमच्याकडं दीर करतात. नारळ खवणं, पंगत वाढणं आणि भांडीही त्यांच्याकडं. स्वयंपाक करणाऱ्या बायका पहिल्या पंगतीला बसतात, हे मी हट्टानं ठरवून घेतलं. पहाटेपासून राबलेल्या बाईनं गार आमटी का खायची?

राहिल्या सासूबाई. आमच्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. पहिल्या वर्षी बाहेरची आमटी बघून त्या गप्प बसल्या होत्या आणि ते गप्प बसणं मला फार लागलं. नैवेद्याचं ताट याच घरच्या चुलीवरचं, त्याच दिवशीचं असावं एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मला पटतं. म्हणून पूजनादिवशी सकाळी आंघोळ करून एक वाटी डाळ वेगळी शिजवतो. तेवढ्यात पाच-सहा पोळ्या आणि वाटीभर कटाची आमटी होते, कांदा-लसूण न घालता. माणसांच्या आमटीत आमची कांदा-लसूण चटणी नैवेद्य दाखवून झाल्यावर पडते. तुमच्या सासूबाईंना आधी जाऊन विचारा, त्यांना नक्की काय खटकतंय. तेवढंच कदाचित असेल.

आत्यांना आता उभं राहवत नाही. चुलीजवळ स्टुलावर बसतात. पुरण होत आलं की आम्ही त्यात उलाथनं उभं करून त्यांना दाखवतो. ते कलंडलं तर म्हणतात, "आणखी दोन मिनिटं." उभं राहिलं की नुसती मान हलवतात, आणि आम्ही गॅस बंद करतो.