चित्रांची कार्डं दिली तर मुलगा बोलायचा आळस करेल का? मावशी म्हणून मी काय करू?

भाचा ४ वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालंय, अजून बोलत नाही. थेरपिस्टने पेक्स, म्हणजे चित्रांची कार्डं सुरू करायला सांगितलीत आणि तुमच्या आईचं म्हणणं, कार्डांची सवय लागली की तो तोंडच उघडणार नाही. असं तुम्ही लिहिलंय. नाही, तसं होत नाही. याच एका वाक्यापायी माझं आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं नऊ वर्षं धड बोलणं नाही, म्हणून लिहायला बसले.

माझा मुलगा तेव्हा साडेचार वर्षांचा होता. पेक्सच्या पहिल्या टप्प्याला दोन माणसं लागतात हे तुम्हाला सांगितलं असेलच. समोरच्याकडे मुलाला हवी असलेली वस्तू, आणि मागे बसलेला दुसरा माणूस एक शब्दही न बोलता मुलाचा हात धरून कार्ड समोरच्याच्या हातात ठेवायला मदत करणारा. समोरच्यानेही "काय हवं?" असं विचारायचं नाही. कार्ड हातात पडलं की वस्तू लगेच द्यायची, बस. आमच्याकडे तो दुसरा माणूसच नव्हता. नवरा कामावरून आला की रात्री आठनंतर बसायचो, तोवर मुलगा पेंगुळलेला. सात आठवडे असेच गेले. आठव्या आठवड्यात एका दुपारी मी ओट्यापाशी पाठमोरी उभी असताना तो मागून आला आणि माझ्या तळहातात पाण्याचं कार्ड कोंबलं. त्याआधी तो रडायचा नाहीतर माझा हात ओढत न्यायचा, आणि मी ओळखत बसायचे: भूक? झोप? पोटात दुखतंय? त्या दुपारी त्याने मला पहिल्यांदा काहीतरी सांगितलं. साडेचार वर्षांनी.

पंधरा दिवसांनी ताई राहायला आली. आम्हा दोघांखेरीज कुणाकडेही न गेलेला मुलगा कार्ड घेऊन तिच्यापाशी गेला. मला काय वाटलं असेल बघा! ताईने ग्लास भरला, हातात वर धरला आणि म्हणाली, "आधी पाणी म्हण." मी म्हटलं, ताई, दे त्याला. तर म्हणाली, "तू लाडावून ठेवलायस म्हणून बोलत नाही. थांब, कसा बोलत नाही ते मी बघते." त्याने कार्ड पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा दिलं. मग फेकलं आणि स्वतःचं मनगट चावलं. दोन दिवस वळ होते. मी तिच्या हातून ग्लास घेतला, पण तोवर तो प्यायच्या पलीकडे गेला होता. पुढचे पाच महिने त्याने पाण्याच्या कार्डाला हात लावला नाही. शेवटी चित्र बदलून पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं.

ताई म्हणते, मायेपोटी केलं. असेल. पण मुलाचं काहीही झालं की आईकडे बोट दाखवायची ही खोड जुनी आहे. लिओ कॅनरने १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमकडे जगाचं लक्ष वेधलं आणि काही वर्षांनी त्यानेच आईबापांच्या कोरडेपणाकडे बोट केलं. १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइमने तर थंड आयांमुळे मुलं अशी होतात हे पुस्तक लिहून मांडलं. त्याच्या आधीच, १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँडने, जो मानसशास्त्रज्ञ होता आणि अशाच एका मुलाचा बापही, हे कारण खोडून काढून दोष मेंदूच्या जडणघडणीत शोधा असं सांगितलं होतं. शास्त्राने तो आरोप कधीच सोडून दिला. माझ्या माहेराने अजून सोडलेला नाही.

आळसाचंही तेच. ज्याला बोलता येतं तो कार्ड शोधत बसत नाही, कारण बोलणं कितीतरी पटकन होतं. पेक्स १९८५ मध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी अशाच लहान मुलांसाठी तयार केलं. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ मध्ये बोलण्याऐवजी चित्रं, खुणा अशी साधनं वापरणाऱ्यांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या सर्वांत भक्कम पुराव्याच्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, ८९ टक्के जणांचं थोडंफार वाढलं होतं. हे तुमच्या आईंना वाचून दाखवा. ताईला मी दाखवलं होतं, तिने कागद घडी करून परत दिला.

आता तुमचं. लेख पाठवू नका, बहिणीला धीर देणारी वाक्यं बोलू नका, "माझ्या मैत्रिणीचा मुलगा सहाव्या वर्षी बोलला" हे तर चुकूनही नको. तो मागचा माणूस व्हा. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस जा, थेरपिस्टकडून हात कसा धरायचा आणि कधी सोडायचा ते शिकून घ्या. आणि तो कार्ड घेऊन आला की जे मागितलंय ते द्या, दुसऱ्या क्षणाला. कुणी "आधी म्हण" म्हणालं तर बहिणीने बोलायच्या आत तुम्ही बोला. माझ्या बाजूने त्या दिवशी खोलीतलं कुणी बोललं नव्हतं.

एक राहिलं. मी आई आहे, थेरपिस्ट नाही. सगळ्या मुलांना कार्डं मानवतात असंही नाही, काहींना हातांच्या खुणा जमतात, काहींना बोलणारा टॅबलेट. कानांची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या. आणि कार्डांमुळे तो बोलेलच अशी आशा लावून बसू नका. माझा आता साडेतेरा वर्षांचा आहे, चाळीसेक शब्द बोलतो, बाकी सगळं टॅबलेटवर सांगतो, भांडतोसुद्धा.

जायची वेळ मात्र बहिणीला विचारून ठरवा. मूल ताजंतवानं असेल तेव्हाची, रात्री आठनंतरची नको.