पितळ-चांदीचं जडकाम असलेल्या बंदुकीच्या दस्त्याला रंग आधी द्यावा की नंतर?

तुमचा दस्ता पट्टेदार मेपलचा, पेनसिल्व्हेनिया धाटणीच्या ठासणीच्या रायफलचा. त्यावर पितळी पत्र्यांची नक्षी आणि चांदीची तार बसवायची आहे. पत्रे आणि तार यांचा क्रम वेगवेगळा ठेवावा लागतो, कारण मेपलचा जुना रंग म्हणजे मुळात आम्ल आहे.

पत्रे आधी बसवा. पत्र्याची कड खालच्या बाजूला किंचित आत उतरती कानसा, म्हणजे तो पाचरीसारखा खाचेत घट्ट बसतो. पत्रा लाकडाच्या पातळीत आला की धातूचा कीस ब्रशने पूर्ण झाडा. हा कीस मेपलच्या रंध्रांत घासला गेला तर राखाडी डाग पडतो, आणि पितळेचा असेल तर तेलाखाली पुढे हिरवा होतो. पॉलिश पेपर कायम कठीण ठोकळ्यावर गुंडाळून, तंतूंच्या दिशेनं चालवा. बोटानं घासलं की मऊ लाकूड खचतं आणि पत्रा उंच राहतो. 220 नंबरवर थांबा. त्याहून बारीक घासलं तर मेपल चकचकीत होतं आणि रंग फिका बसतो. ओल्या फडक्यानं पुसून वाळवा, उठलेले तंतू कापा. हे दोनदा तरी करा. पत्रे जागेवर असतानाच हे संपवा, नाहीतर खाचेचे काठ गोल होतात.

आता पत्रे काढा. फेरिक नायट्रेट (लोखंड आणि नत्राम्लाचा क्षार) 1 भाग आणि शुद्ध पाणी 4 भाग, वजनानं घ्या. जुने कारागीर नत्राम्लात लोखंड विरघळवत, पण त्यात विषारी तपकिरी वाफा निघतात. घरी ते करायचं कारण नाही. द्रावण लावून वाळू द्या, लाकूड हिरवट-पिवळं दिसेल. मग हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) पाच-सहा इंचांवर धरून सारखी हलवत राहा. लोहाचं ऑक्साइड बनताना लाकूड तपकिरी होतं आणि पट्टे उठून येतात. हा क्षण पाहण्यासारखा असतो, पण त्याच जागी गन थांबली तर लाकूड जळतं. मेपलमध्ये टॅनिन, म्हणजे लोहाशी मिळून गडद होणारं लाकडातलं द्रव्य, कमी असतं. गडद छटा हवी तर आधी टॅनिक आम्लाचा एक हात द्या.

नंतर 1 लिटर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून पुसा, मग साध्या पाण्यानं, आणि दोन दिवस वाळवा. ही पायरी टाळू नका. उरलेलं आम्ल नळी, खिळे आणि पितळ खातं.

चांदीची तार मात्र काढता येत नाही. ती बारीक चिरेत ठोकतात, नंतर चीर ओली करतात, लाकूड फुगून तारेला पकडतं. तीवर फेरिक नायट्रेट गेलं तर चांदी कोरली जाते. म्हणून तारेचं काम असलेल्या भागात स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग वापरा. किंवा दस्ता आधी रंगवून तार नंतर ठोका. मग तार सपाट करताना खरवडलेल्या जागी छटा पुन्हा जुळवावी लागते. मला पहिली वाट जास्त खात्रीची वाटते, पण छटेसाठी त्याच मेपलच्या तुकड्यावर आधी करून पाहा.

पितळी पत्रे चमकवायचं काम ते बाहेर असतानाच उरका. धातूचं पॉलिश लाकडावर सांडलं तर रंध्रांत पांढरं बसतं. तेल लावायच्या आधी पत्रे टर्पेंटाइननं पुसून परत बसवा. उकळलेलं जवसाचं तेल अगदी पातळ चोळा, दहा-पंधरा मिनिटांनी जादा सगळं पुसा, विशेषतः पत्र्याच्या कडेचं. तिथं साचलेलं तेल चिकट राहतं आणि त्यातली आम्लं पितळेतल्या तांब्याशी मिसळून हिरवी रेघ उमटते. तेलाच्या दोन हातांमध्ये किमान 24 तासांचं अंतर ठेवा, चार-पाच हात पुरतात. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.