पाककृतीत १८० अंश असतील, तर पंख्याच्या ओव्हनमध्ये १६० ठेवावेत

आपण लिहिले आहे की, नव्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ठेवलेला रव्याचा केक वरून करपतो, मधोमध तडकतो आणि सुरी घातली तर आतून ओला निघतो. आमच्या घरीही अगदी हेच होत असे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ओव्हनचा पंखा चालू असावा आणि पाककृती बिनपंख्याच्या ओव्हनची असावी, असे मला वाटते. पंखा गरम हवा सतत फिरवतो, त्यामुळे पदार्थाभोवतीचा थंड, दमट हवेचा थर टिकत नाही आणि तेवढ्याच अंशांवर पदार्थाचा वरचा भाग लवकर भाजला जातो. म्हणून सेल्सिअसमध्ये २० अंश, फॅरनहाइटमध्ये २५ अंश कमी करावेत. पाककृतीत पंख्याचे तापमान वेगळे दिलेले असेल, तर मात्र त्यातून पुन्हा वजा करू नये; काही ओव्हन ही वजाबाकी स्वतःच करतात, तेव्हा माहितीपुस्तिका आधी वाचावी.

आमचे खरे नुकसान केले ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या सेवा केंद्राने. एवढा जड ओव्हन एसटीने तिथवर नेला, पण पंखा चालू ठेवता का, हे कोणीही विचारले नाही. थर्मोस्टॅट बिघडल्याचे सांगून तो बदलला, पैसे घेतले आणि केक पूर्वीसारखाच करपत राहिला. दोन वाक्यांत समजावता येणारी गोष्ट ग्राहकाला न सांगता सुटे भाग बदलत राहणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे कोणताही भाग बदलू देण्याआधी ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक घ्यावा आणि मधल्या जाळीवर ठेवून आतले खरे तापमान स्वतः पाहावे.

खेड्यात व्होल्टेजचाही विचार करावा लागतो. रब्बीत शेतीपंप सुरू असताना दाब २३० वरून १८० व्होल्टपर्यंत उतरला, तर हीटरची शक्ती जवळपास ६० टक्केच उरते. अशा वेळी पुस्तकातली दहा मिनिटे न मोजता हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावे आणि मगच भांडे आत ठेवावे.

मी तंत्रज्ञ नाही आणि प्रत्येक ओव्हनची तऱ्हा वेगळी असते, त्यामुळे २० अंश हा केवळ सुरुवातीचा अंदाज समजावा. नानकटाईचे दोन ट्रे एकदम भाजायचे असतील तर पंखा उपयोगी पडतो. केकसाठी तो बंद करण्याची सोय असेल, तर मी बंदच करते आणि १८० अंश तसेच ठेवते. आपल्याकडे ती सोय नसेल, तर १६० अंशांवर मधल्या जाळीवर केक ठेवावा, सांगितलेल्या वेळेच्या थोडे आधी सुरी घालून पाहावी आणि रंग लवकर चढू लागल्यास वरून फॉइल सैलसर झाकावी.