स्वित्झर्लंडमध्ये संप जवळजवळ होतच नाहीत. तिथल्या घड्याळ कामगारांना संघटनाच नव्हती का?

होती, आणि चांगली तगडी होती. धातुकाम आणि घड्याळ कामगारांची ही संघटना कित्येक वर्षं देशातली सर्वांत मोठी होती. फ्रेंच भागात तिला एफटीएमएच म्हणत, जर्मन भागात स्मुव्ह. तिथले कामगार मुळातच गरीब गाय, म्हणून संप होत नाहीत, असा समज आपल्याकडे बऱ्याच जणांचा असतो. तो साफ चुकीचा आहे. संपाचं हत्यार त्यांनी म्यान केलं ते सही करून, मोबदला ठरवून. त्याआधी ते चांगलं परजलेलं होतं.

एकोणिसाव्या शतकात जुरा डोंगरातल्या गावांत अख्खं घड्याळ एका छताखाली बनत नसे. कुणी फक्त तबकड्या करायचा, कुणी काटे, कुणी केसासारखी बारीक स्प्रिंग. व्यापारी हे सुटे भाग गोळा करून जोडून घ्यायचा. कामाचं बाक खिडकीला चिकटून असे, कारण उजेड हवा. हात गुंतलेले, पण तोंड मोकळं आणि डोक्यावर मुकादम नाही. अशा ठिकाणी राजकारण रंगणारच! हेगच्या परिषदेत मार्क्सच्या गटाने सरकारच नको म्हणणाऱ्या बाकुनिन या रशियन अराजकवाद्याला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतून काढलं, तेव्हा त्याच्या बाजूच्या लोकांनी सप्टेंबर १८७२ मध्ये आपली वेगळी परिषद भरवली ती सेंट-इमिये या घड्याळवाल्यांच्या गावात. त्याच वर्षी रशियन सरदार घराण्यातला क्रोपोत्किन या भागात येऊन गेला आणि अराजकवादी होऊन परतला.

पुढे कारखाने आले. धातू कामगारांची देशव्यापी संघटना १८८८ मध्ये उभी राहिली होती. घड्याळवाले मात्र आपापल्या कसबांच्या छोट्या संघटनांमध्ये बराच काळ विखुरलेले होते. १९१५ मध्ये दोघं एकत्र आले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये देशभर सार्वत्रिक संप झाला. सुमारे अडीच लाख लोक कामावर गेले नाहीत. सरकारने सैन्य उतरवलं आणि तिसऱ्या दिवशी संप मागे घेतला गेला. नेमक्या त्याच दिवशी, १४ नोव्हेंबरला, ग्रेनखेन या घड्याळांच्या गावात सैनिकांनी गोळीबार केला आणि तीन तरुण घड्याळ कामगार मेले. संप फसला खरा, पण पुढच्याच वर्षी ४८ तासांचा आठवडा मिळाला.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. सप्टेंबर १९३६ मध्ये स्विस फ्रँकचं सुमारे तीस टक्के अवमूल्यन झालं, महागाई वाढली, पगारवाढीच्या मागण्या सुरू झाल्या. वाद मिटला नाही तर सरकार स्वतः लवाद लादणार, अशी चिन्हं होती. ते ना मालकांना हवं होतं, ना संघटनेला. शेजारी जर्मनीत हिटलरने १९३३ मध्ये कामगार संघटना मोडून काढल्या होत्या, हेही डोळ्यांसमोर होतं. घड्याळ उद्योगात मे १९३७ मध्ये तडजोड झाली. १९ जुलैला संघटनेचे कोनराड इल्ग आणि यंत्र व धातू कारखानदारांचे एर्न्स्ट ड्यूबी यांनी तो प्रसिद्ध शांतता करार केला.

करार वाचला तर गंमत वाटते, कारण त्यात पगाराचा आकडाच नाही! वाद आधी कारखान्यात मिटवायचा, नाही जमलं तर दोन्ही संघटनांनी बसायचं, शेवटी लवाद. तोवर ना संप, ना टाळेबंदी. दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच लाख फ्रँक अनामत ठेवायचे. मुदत दोन वर्षांची होती, पण नूतनीकरण होत होत ती देशाची सवयच बनली. गिरणी संपाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला जड जातं.

माझं मत विचाराल तर कुशल पुरुष कामगाराला या सौद्याचा फायदा झाला. बाकीच्यांचं तसं नव्हतं. सत्तरच्या दशकात जपानी क्वार्ट्झ घड्याळं आणि महाग फ्रँक यांच्या कात्रीत हा उद्योग सापडला. १९७० च्या सुमारास असलेले जवळपास ९० हजार कामगार ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तीसेक हजारांवर आले. परदेशी मजुरांना तर परवाना वाढवून न देता गुपचूप परत पाठवता येत होतं. १९७६ मध्ये न्यूशातेलला बुलोवाचे कामगार संपावर गेले, पण असे प्रसंग तुरळक.

आणि बायका. समान वेतनाचं कलम १४ जून १९८१ रोजी संविधानात आलं, तरी दहा वर्षांनंतरही बाकावर शेजारी बसणाऱ्या पुरुषाला जास्त पगार होता. व्हाले द जू खोऱ्यातल्या घड्याळ कामगार स्त्रियांनी हा विषय संघटनेत लावून धरला, आणि १४ जून १९९१ रोजी देशभरातल्या सुमारे पाच लाख स्त्रिया संपात उतरल्या. म्हणजे शांततेचा पाया घालणाऱ्या संघटनेतूनच हा एवढा मोठा संप निघाला. त्याच्या संघटक क्रिस्तियान ब्रुनर पुढे या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. १९९३ मध्ये त्यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना मंत्रिमंडळासाठी उभं केलं, पण संसदेने त्यांना डावलून एका पुरुषाला निवडलं. त्यावर एवढा गदारोळ झाला की त्याने पद नाकारलं आणि अखेर कामगार चळवळीतल्याच रुथ ड्रायफुस निवडून आल्या.

ही संघटना आज त्या नावाने शोधलीत तर सापडणार नाही. २००४ मध्ये ती बांधकाम आणि इतर क्षेत्रांतल्या संघटनांबरोबर उनिया या संघटनेत विलीन झाली. घड्याळ कारखान्यांशी सामूहिक करार आता उनिया करते.